टाइमिंग बेल्ट बदलला, तरी गाडी सुरू होईना? या क्रमाने तपासा

चालत्या गाडीचा टाइमिंग बेल्ट तुटला, टोचन करून गाडी गॅरेजला नेली, नवीन बेल्ट बसवला. आता सेल्फ मारला की इंजिन फिरतं, पण गाडी सुरू होत नाही. किंवा सुरू होते आणि नुसती थरथरते. अशा वेळी बरेच जण अंदाजाने सेन्सर, प्लग, फ्युएल पंप बदलत बसतात. पैसे जातात, गाडी मात्र तिथेच. म्हणून आधी हे लक्षात घ्या: बेल्ट तुटला असेल तर आतले व्हॉल्व्ह वाकलेले असू शकतात, आणि नवीन बेल्ट टाकून ते सरळ होत नाहीत.

बेल्ट तुटल्यावर आत काय होतं?

क्रँकशाफ्ट पिस्टनला जोडलेला असतो, तर कॅमशाफ्ट व्हॉल्व्ह उघडतो. बेल्ट या दोघांची वेळ जुळवतो. क्रँक दोनदा फिरला की कॅम एकदा फिरतो. बेल्ट तुटताच कॅम थांबतो, पण पिस्टन काही क्षण वर-खाली होतच राहतो. ‘इंटरफिअरन्स’ प्रकारच्या इंजिनात तो उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. आजच्या डिझेल गाड्या जवळपास सगळ्या याच प्रकारच्या असतात, पेट्रोलमध्येही अनेक आहेत.

१. सेल्फ मारणं थांबवा, आवाज ऐका

एकदाच सेल्फ मारा आणि मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा. चांगलं इंजिन ठराविक लयीत फिरतं. लय मध्येच तुटत असेल, किंवा अडथळाच नसल्यासारखं इंजिन भराभर फिरत असेल, तर कॉम्प्रेशन गेल्याची शंका घ्या. पुन्हा पुन्हा सेल्फ मारून नुकसान वाढू शकतं.

२. टाइमिंगच्या खुणा जुळवा

पुलीवर आणि इंजिनवर खुणा असतात. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँक पान्याने हाताने, इंजिन फिरतं त्याच दिशेने, पूर्ण दोन फेरे फिरवा. खुणा परत जुळल्या पाहिजेत. मध्ये कुठे कडक अडलं तर जोर लावू नका. एक दात चुकला तर काय बिघडतं? कॅमच्या पुलीला ४० दात असतील, तर एका दाताने कॅम ९ अंश सरकतो, क्रँकच्या हिशेबात १८ अंश. एवढ्यानेही गाडी थरथरते, पिकअप जातो.

३. कॉम्प्रेशन टेस्ट

खुणा बरोबर असतील तर हीच सगळ्यात महत्त्वाची तपासणी. पेट्रोल गाडीत इंधन आणि इग्निशन बंद करून, सगळे प्लग काढून, एक्सलरेटर पूर्ण दाबून प्रत्येक सिलिंडर मोजतात. साधारण १५० ते १८० पीएसआय ठीक, पण तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा अंतिम माना. डिझेलचा दाब बराच जास्त असतो, त्याचा गेज वेगळा लागतो.

एखाद्या सिलिंडरचा आकडा शून्याजवळ असेल तर त्यात थोडं ऑइल टाकून पुन्हा मोजतात. आकडा वाढला तर रिंग खराब. वाढला नाही तर बहुधा व्हॉल्व्ह वाकलेत, म्हणजे हेड उतरवावं लागणार.

४. आता मोबाइल काढा

कॉम्प्रेशन ठीक असेल तर ब्लूटूथवाला ओबीडी-२ स्कॅनर लावा आणि ॲपमध्ये कोड वाचा.

• पी००१६: क्रँक आणि कॅमचे सिग्नल जुळत नाहीत. बेल्टची सेटिंग पुन्हा बघा.
• पी०३३५: क्रँक सेन्सरचं सर्किट.
• पी०३४०: कॅम सेन्सरचं सर्किट.
• पी०३०१ ते पी०३०४: त्या-त्या नंबरचा सिलिंडर मिसिंग करतोय.

सेन्सरचा कोड आला म्हणून लगेच नवा सेन्सर घेऊ नका. काम करताना कनेक्टर सुटलेला किंवा वायर दबलेली असू शकते. आधी ते बघा.

५. बेल्ट तुटला कशामुळे?

टेन्शनर किंवा आयडलर जॅम झाला होता का? बेल्टवरच चालणारा वॉटर पंप असेल तर तो अडकला होता का? सीलमधून ऑइल गळून बेल्टवर येत होतं का? हे तसंच राहिलं तर नवीन बेल्टही लवकर जाईल.

हे सगळं स्वतः करायची गरज नाही. पण हेड उघडायला होकार देण्याआधी मेकॅनिककडे प्रत्येक सिलिंडरचा कॉम्प्रेशनचा आकडा मागा, आणि गेजचा फोटो काढून ठेवा. आकडे सगळीकडे सारखे आणि चांगले असतील, तर हेड उघडायची घाई नको.