पोटावरच्या चकतीची कुळकथा

स्टोमा म्हणजे आतड्यातला मळ बाहेर यावा म्हणून पोटावर काढलेली वाट; तो मळ तिथं चिकटवलेल्या बॅगेत जमतो. स्टोमाच्या रुग्णाला तब्येत विचारा, उत्तर बहुतेक वेळा बॅगेचं मिळतं. "आता गळत नाही", "कातडी सोलवटलीय", "रात्रभर आग आग झाली". आतड्याचा आजार शस्त्रक्रियेनं मागे पडलेला असतो. रोजची झुंज उरते ती स्टोमाभोवतीच्या दोन बोटं रुंद कातडीची. बॅगेची गोल चकती जिथं चिकटते, ती ही जागा. ती शाबूत राहावी म्हणून केवढा खटाटोप झाला!

पोटावर वाट काढायचं कसब तसं जुनं. 1793 साली फ्रान्समधल्या ब्रेस्टला ड्युरे नावाच्या शल्यविशारदानं गुदद्वाराशिवाय जन्मलेल्या बाळाच्या पोटावर अशी वाट काढली. ते मूल पुढे 45 वर्षं जगलं. पण त्या वाटेनं येणाऱ्या मळाचं काय करायचं, याचं धड उत्तर पुढची दीडशे वर्षं कुणाकडे नव्हतं. स्पंज, चिंध्या, पट्ट्यानं आवळलेल्या वाट्या यांवरच माणसं दिवस काढत. दुर्गंधीच्या धास्तीनं घराबाहेर पडत नसत.

सगळ्यात जास्त हाल आयलिओस्टोमीवाल्यांचे, म्हणजे लहान आतड्याचं टोक पोटावर आणलेल्यांचे. लहान आतड्यातून येणारा मळ पातळ असतो, दिवसभर येत राहतो आणि त्यात पाचकरस असतात. जेवण पचवणारे हे रस कातडीलाही सोडत नाहीत. त्यात त्या काळी आतड्याचं टोक पोटाबाहेर काढून तसंच ठेवत. त्याचं बाहेरचं आवरण या रसांत भिजून सुजे, जाड होई, वाट अरुंद होई. मग मळ अडे, पोट फुगे आणि शरीरातलं पाणी, क्षार वाहून जात. शस्त्रक्रिया उत्तम होऊनही माणूस खंगत जाई.

बर्मिंगहॅमच्या ब्रायन ब्रूक यांनी 1952 साली 'द लॅन्सेट'मध्ये आयलिओस्टोमीची निगा आणि तिच्यातली गुंतागुंत यांवर छोटासा लेख लिहिला. सदऱ्याची बाही दुमडावी तसं आतड्याचं टोक शस्त्रक्रियेतच उलटं दुमडायचं आणि आतलं ओलसर अस्तर बाहेर आणून कातडीला शिवायचं, एवढंच त्यांनी सांगितलं. त्यामुळे नाजूक आवरण झाकलं गेलं आणि स्टोमाला छोटी तोटी आली. मळ कातडीवर न पसरता थेट पिशवीत पडू लागला. आजही आयलिओस्टोमी याच पद्धतीनं करतात. पोटाच्या शस्त्रक्रियांमध्ये इतक्या कमी शब्दांत इतक्या लोकांचं जगणं बदलणारी सूचना मला दुसरी आठवत नाही.

तोटी आली, तरी पिशवी कातडीला धरून राहायला हवी. इथं या कथेत आपल्या रानातलं एक झाड येतं. सातपुड्यात, सह्याद्रीच्या कोरड्या खडकाळ उतारांवर कांडोळ दिसतो. पानगळीनंतर पांढरंफटक खोड चमकतं, म्हणून कुणी त्याला भुताचं झाडही म्हणतं. त्याच्या खोडाला खाच दिली की डिंक पाझरतो. तोच कराया. जगाला तो मुख्यतः भारतातून जातो आणि जंगलात फिरून तो गोळा करणारे बहुतेक आदिवासी. बेसुमार खाचांमुळे कित्येक ठिकाणी ही झाडं वाळून गेली, हेही इथंच सांगायला हवं. हा डिंक पाण्यात विरघळण्यापेक्षा फुगतो आणि ओलाव्यातही धरून राहतो, म्हणून कवळी बसवायच्या भुकटीत तो वापरत. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिकचे डॉ. रूपर्ट टर्नबुल यांनी 1950च्या दशकात तो स्टोमाभोवतीच्या सोललेल्या कातडीवर वापरायला सुरुवात केली. ओली जखम असूनही तो चिकटला आणि खालची कातडी भरून येऊ लागली. पुढे त्यात ग्लिसरीन मिसळून कड्या बनल्या. डिंक गोळा करणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, की आपल्या टोपलीतला माल सातासमुद्रापार कुणाच्या पोटावर बसतोय!

त्याच सुमारास, 1954 साली, डेन्मार्कमधल्या एलिझ सोरेनसन या नर्सची बहीण थोरा स्टोमा झाल्यावर घराबाहेर पडेना. एलिझला सुचली ती कातडीला चिकटणारी आणि वापरून टाकून देता येणारी प्लास्टिकची पिशवी. प्लास्टिकच्या वस्तू बनवणाऱ्या आगे लुई-हान्सन यांनी आधी नकार दिला. त्यांची बायको योहाने, तीही नर्स, तिनं त्यांना राजी केलं. त्यातूनच 1957 साली कोलोप्लास्ट कंपनी उभी राहिली.

पण वस्तू आली म्हणून ती लावता येते असं नाही. ते शिकवायचं काम केलं नॉर्मा गिल यांनी. अल्सरेटिव्ह कोलायटिस या मोठ्या आतड्याच्या आजारामुळे त्यांची स्वतःची आयलिओस्टोमी टर्नबुल यांनीच केली होती. 1958 साली टर्नबुल यांनी गिल यांना क्लिनिकमध्ये कामावर घेतलं आणि 1961 साली दोघांनी स्टोमा-निगेची शाळा काढली. डॉक्टरांच्या बरोबरीनं एका रुग्णाला गुरू मानलं गेलं, हे मला या इतिहासातलं सगळ्यात मोठं पाऊल वाटतं.

कराया उष्णतेनं आणि लघवीनं लवकर विरघळतो, कधी झोंबतो. म्हणून त्याला पर्याय हवा होता. तोंडातल्या जखमांसाठी जिलेटिन, पेक्टिन आणि सेल्युलोजपासून केलेला एक लेप होता. त्यातून 1970च्या दशकात नव्या चकत्या निघाल्या. आज हातात येते ती बहुधा याच वंशातली. तिचं भोक स्टोमाच्या मापाहून दोन-तीन मिलिमीटरच मोठं कापायचं. शस्त्रक्रियेनंतर सहा-आठ आठवडे स्टोमा आक्रसत जातो, म्हणून माप पुन्हापुन्हा घ्यायचं. पहिल्या आठवड्यात कापलेलं जुनं मापच महिनोन्‌महिने वापरत राहिलं, की मधली कातडी उघडी पडते आणि आग सुरू होते. कातडी ओलसर असेल तर स्टोमासाठीची भुकटी भुरभुरवून जादाची झटकायची, मगच चकती लावायची. आणि स्टोमा लालगुलाबी असायचा सोडून काळा-जांभळा दिसला, तर घरगुती उपाय करत बसू नये, तडक रुग्णालय गाठावं.

टर्नबुल आणि गिल यांचा आणखी एक आग्रह होता: स्टोमाची जागा शस्त्रक्रियेच्या आधीच ठरवायची. नर्स रुग्णाला उभं करते, वाकवते, बसवते आणि पोटाच्या घड्या कुठं पडतात ते पाहून पेनानं खूण करते. आपल्याकडे तर मांडी घालून बसणं आलं, साडीच्या निऱ्या आल्या, परकराची नाडी आणि धोतराचा सोगा आला. नाडीखाली किंवा घडीत आलेली चकती कितीही महाग असली तरी गळणार. ठरवून करायच्या शस्त्रक्रियेत ही खूण पाचदहा मिनिटांचं काम आहे. कुणी केली नसेल तर रुग्णानं किंवा घरच्यांनी शस्त्रक्रियेच्या आधी ती मागून घ्यावी.