मुळशीच्या तळ्याखाली

खाण पाहावयास गेलेल्या माणसाला फारसे काही विचारावे लागत नाही. गोंदियापलीकडे बालाघाट जिल्ह्यात मलाजखंडची तांब्याची उघडी खाण आहे. ती आम्ही पाहिली तेव्हा हे ध्यानात आले. पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत गेलेला तो प्रचंड खड्डाच सांगतो की, येथून काहीतरी नेलेले आहे. धरणाचे तसे नाही. धरण आपली जखम पाण्याने झाकून घेते, आणि ते पाणी इतके देखणे दिसते की पाहणाऱ्याला प्रश्नच पडत नाही. पुण्याहून पौडमार्गे मुळशीस गेलो तेव्हा आमचेही प्रथम असेच झाले. सुमारे दीड किलोमीटर लांबीची दगडी भिंत, मागे निळेशार तळे, पलीकडे ताम्हिणीचे डोंगर. आम्ही डबे सोडून बसलो आणि वाहवा करू लागलो.

या तळ्याखाली एक खोरे आहे. नीला आणि मुळा या नद्यांच्या काठचा तो मुळशी पेटा, आंबेमोहोर तांदळाचे माहेर. पन्नासाहून अधिक गावे आणि दहा हजारांवर माणसे या धरणाच्या तडाख्यात सापडली, आणि ती मुकाट्याने उठली नाहीत.

प्रथम धरण कशासाठी, ते पाहू. सह्याद्रीवर पडलेले येथील पाणी स्वभावतः पूर्वेकडे जाते. मुळेतून भीमेला, भीमेतून कृष्णेला. परंतु घाटमाथ्याच्या पश्चिमेस जमीन एकदम सुमारे पाचशे मीटर खाली कोसळते. तेव्हा हेच पाणी अडवून, बोगद्यातून पश्चिमेकडे वळवून नळांतून खाली सोडले, तर त्याच्या जोरावर चक्रे फिरतील आणि मुंबईच्या गिरण्यांना कोळशाच्या धुरावाचून वीज मिळेल, ही ती कल्पना. जमशेटजी टाटांनी तिचा ध्यास घेतला. ते १९०४ साली वारले, पण त्यांच्या वारसांनी ती तडीस नेली. १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईस पोहोचली, १९२२ साली भिवपुरीची, आणि १९२७ साली मुळशीच्या पाण्यावर भिरा येथील वीजघर चालू झाले. कल्पना हिकमतीची होती यात शंका नाही, आणि ती देशी भांडवलाने पार पाडली याचा त्या काळी अनेकांना अभिमान वाटे. मुळशीचा पेच नेमका येथेच आहे. समोर गोरा कंपनीवाला असता, तर भांडण सोपे झाले असते.

जमीन घेण्याचे हत्यार मात्र गोऱ्या सरकारचेच होते. १८९४ चा भूसंपादन कायदा खाजगी कंपनीसाठीही लागू करता येत असे. शेतकऱ्याला धड विचारण्याआधीच त्याच्या शेतात चाचणीचे चर पडू लागले. पिढ्यान्‌पिढ्या भात लावणाऱ्या मावळ्याला हे सहन होणे शक्य नव्हते. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. ‘जान किंवा जमीन’ ही त्याची घोषणा. लोक कामाच्या जागी जाऊन बसत आणि काम बंद पाडीत. महात्मा गांधींनी ‘यंग इंडिया’त टाटांना विनंती केली. काही महिने काम थांबले. पुन्हा चालू झाले. सत्याग्रहही पुन्हा उभा राहिला. विनायकराव भुस्कुटे गावोगाव हिंडत होते. मावळे तुरुंगात गेले, त्यांच्या बायकाही गेल्या.

आता पुणेकरांना थोडी टोचणारी गोष्ट सांगितली पाहिजे. या खोऱ्यातील पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण पडलेल्या होत्या, काही तर त्यांच्या मालकीच्याच झाल्या होत्या. सरकार नुकसानभरपाई देणार म्हटल्यावर या मंडळींचा कल हळूहळू पैसे घेण्याकडे वळला, आणि त्यांच्या हिशेबी ते गैरही नव्हते. रोकड मिळाली की कर्ज वसूल. कुळाला मात्र जमीन गेली म्हणजे सारेच गेले. सभांतून टाळ्या वाजविणारे शहर आणि भरपाईच्या रकमेकडे डोळा ठेवणारे शहर, ही दोन निरनिराळी शहरे होती असे मानण्याचे कारण नाही. सत्याग्रह आतून पोकळ झाला, तो कंपनीच्या बळाइतकाच या फुटीने, असे आमचे मत आहे.

या ओसरत्या लढ्यात पारनेरचे पांडुरंग महादेव बापट उभे राहिले. एडिंबरोस शिकलेला, पॅरिसात बाँबची विद्या मिळविलेला आणि पुढे केतकरांच्या ज्ञानकोशात काम केलेला हा माणूस. मुळशीनेच त्यांना ‘सेनापती’ केले. अहिंसेचे बंधन त्यांना सत्याग्रहाला आवश्यक वाटत नव्हते. आपल्या मार्गाला ते ‘शुद्ध सत्याग्रह’ म्हणत. डिसेंबर १९२४ मध्ये त्यांनी मोजक्या साथीदारांसह धरणाच्या कामाची आगगाडी अडवली आणि शस्त्र चालविले. माणसे जखमी झाली. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली व ते १९३१ साली सुटले. दरम्यान भिंत पुरी झाली होती, खोरे भरले होते. या कृत्याचे समर्थन आम्हांस करवत नाही. परंतु तीन वर्षे शांतपणे बसून राहिलेल्या माणसांचे कोणी काय ऐकले, हेही विचारावेसे वाटते.

धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने १९७६ साली केला. देशात तो अशा प्रकारचा पहिलाच, पण मुळशीकरांना त्याचा काय उपयोग? १८९४ चा कायदा तर २०१३ च्या नव्या कायद्याने गेला. पाणी अद्याप पश्चिमेकडेच जाते. भिऱ्याची चक्रे फिरवून ते कुंडलिकेत उतरते, आणि त्यावर कोलाडला हौशी मंडळी रबरी होड्या हाकतात. भीमाखोऱ्यात दुष्काळ पडला की हे पाणी परत मागण्याची चर्चा निघते. मुंबईत लोअर परळच्या गिरण्यांजवळून जाणाऱ्या रस्त्याला सेनापती बापटांचे नाव आहे. ज्या गिरण्यांसाठी मुळशीची वीज काढली, त्यांच्याच अंगणातून तो रस्ता जातो. आम्ही त्या रस्त्याने कितीदा गेलो, पण हे कधी सुचले नव्हते.

उन्हाळ्यात पाणी उतरले होते. काठच्या भेगाळलेल्या चिखलातून दगडांची एक सरळ ओळ वर आली होती. आमच्यातला एकजण कुणब्याचा मुलगा; तो म्हणाला, “हा भातखाचराचा बांध आहे.” आम्ही त्या ओळीवरून पाण्यापर्यंत चालत गेलो. तेथून पुढे ती आत गेली होती.

परतताना पौडला दुकानात आंबेमोहोर मागितला. दुकानदार म्हणाला, “काका, इंद्रायणी घ्या. आंबेमोहोर आता लावतात कुठे फारसा?”