सोयगावच्या कुळाची जमीन आणि बॅरिस्टर नाथ पैंचे विधेयक

सोयगाव तालुक्याचे नाव इतिहासात येते ते अजिंठ्याच्या लेण्यांमुळे, आणि मग चर्चा सातवाहन-वाकाटकांच्या मागे सहसा सरकत नाही, पुढेही येत नाही. आजचा धागा मात्र अलीकडचा आहे. एक कायदा, एक खटला आणि बॅरिस्टरीची सनद घेऊन आयुष्यभर विरोधी बाकांवर बसलेला एक माणूस. हा माणूस कोकणातला. सोयगावशी त्याचा संबंध जुळतो तो जमिनीच्या कायद्यातून.

मित्रहो, आधी तो कायदा पाहू. सोयगावचा मुलूख १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्यामुळे इथल्या कुळांना जो कायदा लागू झाला तो मुंबई इलाख्याचा नव्हे. तो १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा. ‘संरक्षित कूळ’ हा शब्द मराठवाड्याच्या महसुली दप्तरात रुजला तो याच कायद्यामुळे. जमीन कसणाऱ्याला सहजी हुसकता येऊ नये आणि पुढे त्याला मालकीही मिळावी, अशी ती तजवीज होती. पण त्या वेळी मालमत्तेचा हक्क हा घटनेतील मूलभूत हक्क होता. जमीनमालक न्यायालयात गेला तर कायदाच रद्द होण्याची टांगती तलवार. म्हणून १९६४ च्या सतराव्या घटनादुरुस्तीने असे ४४ कायदे नवव्या परिशिष्टात घातले गेले. त्यात हैदराबादचा हा कुळकायदा होता, आणि महाराष्ट्राचा १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदाही.

या सतराव्या दुरुस्तीलाच पंजाबातून आव्हान मिळाले. जालंधरच्या गोलकनाथ कुटुंबाकडे पाचशे एकरांहून अधिक जमीन होती. कायद्याने प्रत्येकाला ३० एकरच ठेवता येत होती. २७ फेब्रुवारी १९६७ रोजी अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने सहा विरुद्ध पाच अशा निसटत्या बहुमताने निकाल दिला : मूलभूत हक्कांचा संकोच करणारी घटनादुरुस्ती करण्याचा अधिकार संसदेला नाही. सरन्यायाधीश कोका सुब्बाराव यांनी एक मेख मात्र मारून ठेवली. निकाल पुढच्या काळासाठी. झालेल्या दुरुस्त्या कायम. मराठवाड्यातील कुळाला मिळालेले संरक्षण वाचले, परंतु तशी नवी दुरुस्ती करण्याची वाट बंद झाली. (हेच सुब्बाराव काही आठवड्यांत राजीनामा देऊन विरोधी पक्षांतर्फे राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढले. धाग्याच्या नायकाइतकीच ही गोष्टही रंजक आहे, पण ती पुन्हा केव्हातरी.)

निकालानंतर सहा आठवड्यांच्या आत, ७ एप्रिल १९६७ रोजी, लोकसभेत त्यावर उत्तर मांडले गेले. ते सरकारने मांडले नव्हते. मांडणारे होते राजापूरचे प्रजा समाजवादी खासदार बॅरिस्टर नाथ पै.

वेंगुर्ल्यात २५ सप्टेंबर १९२२ रोजी जन्म, शिक्षण बेळगावात, १९४२ च्या आंदोलनात तुरुंगवास, मग लंडनच्या लिंकन्स इनमधून बॅरिस्टर. परदेशी असतानाच ते समाजवादी युवकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या अध्यक्षपदापर्यंत पोहोचले. वकिलीत पैसा आणि मान दोन्ही मिळाले असते. त्यांनी राजापूरचा मतदारसंघ धरला. १९५७ चा विजय संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेतला म्हणता येईल. १९६२ चा तसा नव्हे. त्या वर्षी महाराष्ट्रातील ४४ पैकी ४१ जागा काँग्रेसने घेतल्या, आणि तरीही नाथ पै निवडून आले. १९६७ मध्ये तिसऱ्यांदा. सत्तेच्या बाकावर ते एकही दिवस बसले नाहीत.

त्यांचे विधेयक तसे छोटे होते. ठरलेली कार्यपद्धती पाळून घटनेची कोणतीही तरतूद दुरुस्त करण्याचा अधिकार संसदेला आहे, एवढेच स्पष्ट करणारे. शुक्रवारी दुपारी खासगी सदस्यांच्या विधेयकांना मिळणाऱ्या तुटपुंज्या वेळेत अशी बहुतेक विधेयके विरून जातात. स्वातंत्र्यानंतर आजवर जेमतेम चौदा मंजूर झाली. या विधेयकावर मात्र देशभर वाद झडला, ते संयुक्त समितीकडे गेले, अहवाल आला, पुन्हा चर्चा झाली. स्वतंत्र पक्ष आणि नानी पालखीवाला यांच्यासारखे विधिज्ञ कडाडून विरोधात उभे राहिले. आज जमीनदाराचा हक्क जाईल, उद्या संपादकाचा जाईल, परवा तुमचा, अशी त्यांची भीती. नाथ पैंची बाजू अशी की जनतेने निवडलेल्या सभागृहावर विश्वास नसेल, तर जमीनसुधारणेसारखा बदल रक्तपाताशिवाय घडवायचा कोणी?

माझ्या मते या वादात दोन्ही बाजू प्रामाणिक होत्या, आणि म्हणूनच तो वाचण्यासारखा आहे. नाथ पैंवर ब्रिटिश संसदीय परंपरेचा संस्कार होता. तिथे संसद सार्वभौम असते. पण तिथे लिखित राज्यघटना नसते, हा फरक त्यांच्या मांडणीत जरा हलका पडतो असे मला वाटते.

विधेयक मंजूर झालेच नाही. डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा विसर्जित झाली. १७ जानेवारी १९७१ ला, सीमालढ्याच्या हुतात्मा दिनी, नाथ पै बेळगावात बोलले आणि १८ तारखेला हृदयविकाराने गेले. वय अवघे ४८.

पुढे मार्चमध्ये इंदिरा गांधींना ३५२ जागा मिळाल्या, आणि जे एका विरोधी खासदाराने मागितले होते ते सरकारने स्वतः केले. कायदामंत्री ह. रा. गोखले यांनी मांडलेली चोविसावी घटनादुरुस्ती ५ नोव्हेंबर १९७१ पासून अमलात आली. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायमूर्तींच्या पीठाने गोलकनाथचा निकाल मोडीत काढला आणि ही दुरुस्ती वैध ठरवली. पण सात विरुद्ध सहा मतांनी एक मर्यादाही घातली : घटनेची मूलभूत चौकट संसदेला मोडता येणार नाही.

त्या मर्यादेची किंमत कळायला फार वर्षे लागली नाहीत. नाथ पैंच्या जागी राजापूरहून १९७१ मध्ये निवडून आलेले प्रा. मधु दंडवते आणीबाणीत बंगळूरच्या तुरुंगात होते. विरोधी बाकांवरील असे कितीतरी सदस्य गजाआड असताना १९७६ मध्ये बेचाळिसावी घटनादुरुस्ती मंजूर झाली. घटनादुरुस्तीला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही, असे तिच्यात नमूद होते. पालखीवालांची भीती अशी खरी ठरली. मिनर्व्हा मिल्स खटल्यात १९८० मध्ये न्यायालयाने ते कलम रद्द केले.

मधल्या काळात जनता सरकारने, ज्यात दंडवते रेल्वेमंत्री होते, १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतूनच काढला. आता तो कलम ३००-अ मध्ये आहे, साधा घटनात्मक हक्क म्हणून. आणि हैदराबादचा कुळकायदा आजही नवव्या परिशिष्टात आहे, अनुक्रमांक ३६ वर.