बीजमोचनाच्या गोळ्या (क्लोमिफीन व लेट्रोझोल)

ज्या स्त्रीच्या बीजांडकोशातून स्त्रीबीज सुटत नाही, किंवा कधी सुटेल याचा नेम नसतो, तिला गर्भधारणेसाठी पाळीच्या सुरुवातीला बहुधा पाच दिवस दिली जाणारी औषधे. ग्रंथांत या क्रियेला अंडमोचन किंवा बीजमोचन म्हणतात. दवाखान्यात ‘अंडं फुटणं’ हाच शब्द चालतो. ‘अंडी वाढवायच्या गोळ्या’ हे नाव मात्र फसवे आहे. स्त्रीबीजांचा साठा मुलगी जन्मते तेव्हाच ठरलेला असतो आणि कोणतीही गोळी त्यात एकाचीही भर घालत नाही.

गोळीचे काम मेंदूशी असते. मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी एफएसएच हे हॉर्मोन सोडते आणि त्याने बीजांडकोशातली पुटके, म्हणजे सोनोग्राफीतली ‘फॉलिकल्स’, वाढू लागतात. वाढणारे पुटक इस्ट्रोजेन तयार करते. इस्ट्रोजेन पुरेसे झाले की मेंदू एफएसएच आवरता घेतो. क्लोमिफीन मेंदूतल्या इस्ट्रोजेनच्या जागा अडवते, तर लेट्रोझोल इस्ट्रोजेन तयार करणारे अ‍ॅरोमॅटेज हे विकरच रोखते. वाटा दोन, पण मेंदूची समजूत एकच होते: इस्ट्रोजेन कमी पडले आहे. मग तो एफएसएच वाढवतो आणि अडून बसलेले पुटक पुढे सरकते.

क्लोमिफीन १९५६ मध्ये अमेरिकेतील सिनसिनाटी येथे फ्रँक पालोपोली यांनी तयार केले. ते स्त्रीबीज सोडवते हे १९६१ मध्ये रॉबर्ट ग्रीनब्लाट व सहकाऱ्यांनी दाखवले आणि १९६७ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. नेहमीची सुरुवात रोज ५० मिलिग्रॅमने होते. पुढची चाळीस वर्षे या क्षेत्रात त्याचेच राज्य होते. त्याचा दोष असा की ते शरीरात दीर्घकाळ रेंगाळते आणि गर्भाशयाचे अस्तर पातळ ठेवते. त्यामुळे बीज सुटते, पण गर्भ रुजतोच असे नाही. अंगातून वाफा येणे, डोके दुखणे हे त्रास होतात. डोळ्यांपुढे धूसर दिसू लागले तर मात्र गोळी थांबवून डॉक्टरांना गाठावे. जुळ्यांचे प्रमाणही नैसर्गिक गर्भधारणेपेक्षा बरेच जास्त असते.

लेट्रोझोल हे मूळचे स्तनाच्या कर्करोगावरचे औषध. डब्यातल्या कागदावर तसे वाचून अनेक बायका घाबरतात, आणि त्यांचा दोष नाही. समजावून सांगायला ओपीडीत वेळ असतोच असे नाही. २००१ मध्ये टोरोंटोच्या मितवली व कॅस्पर यांनी ते बीजमोचनासाठी वापरून दाखवले. २००५ मध्ये एका परिषदेत बाळांतील जन्मजात व्यंगांबद्दल शंका घेतली गेली. पुढच्याच वर्षी ९११ नवजात बालकांच्या कॅनडातील पाहणीत मात्र लेट्रोझोलमुळे व्यंगे वाढल्याचे दिसले नाही. तरीही भारत सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये वंध्यत्वासाठी त्याच्या वापरावर बंदी घातली. कर्करोगासाठी तीच गोळी दुकानात मिळत राहिली. बंदीमागे आधीच्या परवानगीच्या प्रक्रियेवरचे आक्षेपही होते. संसदीय स्थायी समितीच्या २०१२ च्या अहवालात ते नोंदले आहेत. प्रक्रियेवरची ती टीका रास्त होती, पण तिची किंमत पीसीओडीच्या, म्हणजे बीजांडकोशात पुटके अडून राहिल्याने बीज वेळेवर न सुटणाऱ्या, रुग्णांनी मोजली. २०१४ मध्ये अमेरिकेत पीसीओडी असलेल्या ७५० स्त्रियांवरील चाचणीत लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी २७.५ टक्के, तर क्लोमिफीन घेणाऱ्यांपैकी १९.१ टक्के स्त्रियांना जिवंत मूल झाले. २०१७ मध्ये भारतातली बंदी उठली. आज पीसीओडीसाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत लेट्रोझोलच पहिल्या पसंतीचे आहे.

भीतीला उत्तर गोळीच्या वेळापत्रकातच आहे. लेट्रोझोल रक्तात निम्मे होण्यास सुमारे दोन दिवस लागतात. ते पाळीच्या दुसऱ्या ते सहाव्या दिवशी घेतले, तर गर्भ रुजण्याच्या सुमारास, म्हणजे विसाव्या दिवसाच्या आसपास, ते जवळजवळ नाहीसे झालेले असते. मात्र आधीच दिवस गेलेले असताना ते घेणे धोक्याचे. म्हणून पाळी बरेच दिवस आली नसेल तर आधी गर्भचाचणी करतात, ती नकारार्थी आल्यावर ‘पाळी आणायच्या’ प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या देतात आणि मग मोजणी सुरू होते.

सुरुवात गोळीने होऊ नये. नवऱ्याची वीर्यतपासणी, तिचे थायरॉइड व प्रोलॅक्टिन, आणि गरजेनुसार गर्भनलिका मोकळ्या असल्याची खात्री हे आधी व्हावे. प्रत्यक्षात उलट घडते: बायकोचे चार महिने गोळ्यांत जातात आणि नवऱ्याची तपासणी पाचव्या महिन्यात होते, तीही त्याच्या आईची समजूत काढून. वजन जास्त असल्यास ते पाच ते दहा टक्के उतरले तरी काहींना गोळीविनाच पाळी नियमित येते.

गोळ्या संपल्यावर साधारण नवव्या-दहाव्या दिवसापासून एक-दोन दिवसांआड सोनोग्राफी होते. तिला सगळे ‘फॉलिक्युलर स्टडी’ म्हणतात, आणि नोकरी करणाऱ्या बाईला गोळीपेक्षा या फेऱ्याच जड जातात. पुटक १८ ते २० मिलिमीटरचे झाले की बऱ्याचदा एचसीजीचे इंजेक्शन देतात. त्यानंतर सुमारे ३६ तासांनी बीज सुटते. तीनचार पुटके एकदम मोठी झाली तर तो महिना सोडून द्यावा लागतो. क्लोमिफीन सहसा सहा महिन्यांपलीकडे देत नाहीत.

ज्यांचा बीजसाठाच संपला आहे, त्यांना या गोळ्यांचा उपयोग नाही. ज्यांच्या मेंदूतून हॉर्मोनचा संदेशच निघत नाही, त्यांनाही सहसा होत नाही. त्यांना तेच हॉर्मोन इंजेक्शनने बाहेरून द्यावे लागते. ही इंजेक्शने प्रथम पाळी गेलेल्या स्त्रियांच्या लघवीपासून बनवली गेली, आणि इतकी लघवी एका ठिकाणी मिळावी म्हणून इटलीतील मठांमधल्या वृद्ध जोगिणींकडून ती गोळा केली जाई. त्या औषधाने झालेले पहिले मूल १९६२ मध्ये इस्राएलमध्ये जन्मले.