काळ्या पडद्याच्या कैवाऱ्यांना उत्तर

लिनक्सवर स्वतःचा स्क्रीनसेव्हर कसा बसवायचा, असे कोणी विचारले की हल्ली उत्तराऐवजी उपदेश मिळतो. ही चैन जुन्या, नळीच्या मॉनिटरबरोबर आली आणि त्याच्याबरोबरच गेली. एलसीडीला तिची गरज नाही. वीज फुकट जाते. शिवाय लॉक लावलेल्या पडद्यावर भलतेसलते प्रोग्रॅम चालवणे धोक्याचे. तेव्हा पडदा काळा होऊ द्या. हे मत नुसते गप्पांतले नाही. २०११ साली ग्नोम ३ हा डेस्कटॉप आला तेव्हा त्यातून स्क्रीनसेव्हर निवडण्याची सोयच गेली. त्याच वर्षीच्या उबुंटू ११.१० ने काळा पडदा तेवढा ठेवला आणि २०१४ च्या केडीई प्लाझ्मा ५ नेही जुने स्क्रीनसेव्हर वगळले. मुक्तस्रोत जगातल्या तीन मोठ्या घरांचे एकमत झाले, म्हणून वादाचा निकाल लागला असे समजले जाते. तो निकाल चुकीच्या मुद्द्यावर लागला आहे, असे माझे म्हणणे आहे.

पूर्वपक्ष आधी त्याच्या भक्कम रूपात मांडू. नळीच्या मॉनिटरला आतून फॉस्फरचा लेप असे. इलेक्ट्रॉनांचा मारा जिथे सतत होई तिथला लेप लवकर थके, आणि महिनोन्‌महिने एकाच जागी राहिलेल्या अक्षरांची सावली मॉनिटर बंद केल्यावरही दिसे. एलसीडीत फॉस्फरचा तसा पडदा नाही. मागून दिवा आणि पुढे द्रवस्फटिकांची झडप. कारण नाहीसे झाले, मग कार्य कशाला हवे?

युक्तिवाद नेटका आहे, फक्त त्यातले कारण चुकले आहे. जॉन सोचा यांनी आयबीएम पीसीसाठी लिहिलेला पहिला स्क्रीनसेव्हर डिसेंबर १९८३ मध्ये 'सॉफ्टटॉक' मासिकात छापून आला. तीन मिनिटे कोणी कळफलकाला हात लावला नाही की तो पडदा काळा करी, बस्स. फॉस्फर वाचवायला तेवढे पुरेसे होते. म्हणजे १९८९ मध्ये बर्कली सिस्टिम्सच्या 'आफ्टर डार्क'मधून पंख फुटलेले टोस्टर उडायला लागले, तेव्हा लेप जळण्यावरचा उपाय सहा वर्षे जुना झाला होता. मॉनिटर वाचवण्याचे काम टोस्टरांना निमित्त म्हणून लाभले, एवढेच. ज्या खांबावर माडी उभीच नव्हती तो काढला म्हणून माडी कोसळत नाही. (स्क्रीनसेव्हरचे काही कैवारी आता ओएलईडीकडे बोट दाखवतात: तिथे ठसा उमटण्याचा दोष परत आला आहे ना! ही पळवाट मला नको. ओएलईडीला सर्वांत मानवतो तो काळा पडदाच, कारण तिथे काळा ठिपका म्हणजे विझलेला ठिपका.)

मग माडी उभी कशावर होती? त्यासाठी जेमी झविन्स्की १९९२ पासून चालवत असलेला एक्सस्क्रीनसेव्हर उघडून पाहावा. झविन्स्की नेटस्केपच्या पहिल्या फळीतले. भांडकुदळ म्हणून त्यांची ख्याती आहे आणि ती त्यांनी कष्टाने राखली आहे. त्यांच्या संग्रहात दोनशेहून अधिक चलच्चित्रे आहेत. तिथल्या बोलीत प्रत्येकाला 'हॅक' म्हणतात, आणि प्रत्येक हॅक हा सुटा, स्वतंत्र प्रोग्रॅम असतो. त्याच्याशी केलेला करार इतका लहान आहे की तोंडी सांगता यावा: तुला एका खिडकीचा क्रमांक मिळेल, तिच्यात हवे ते काढ, थांब म्हटले की थांब. माणूस किती वेळ जागेवर नाही, माऊस हलला का, पासवर्ड बरोबर का, या चौकशा तुझ्याकडे नाहीत.

ही रचना वापरणाऱ्याच्या हातात काय देते ते पाहा. घरच्या फोल्डरमध्ये नावाआधी टिंब असलेली, म्हणून एरवी न दिसणारी, एक साधी मजकुराची फाइल असते. तिच्यात 'प्रोग्रॅम्स' या शब्दाखाली हॅकची यादी, एकेका ओळीत एकेक आज्ञा. ओळीच्या आरंभी उणे चिन्ह घातले की तो हॅक निजतो, काढले की उठतो. या यादीत आपली एक ओळ घालायची. फाइल बदलल्याचे एक्सस्क्रीनसेव्हरला आपोआप कळते. ज्याला एवढेही नको त्याने सेटिंग्जमध्ये फोटोंचे फोल्डर दाखवावे आणि स्लाइडशोचा हॅक निवडावा. ज्याला व्हिडिओ हवा त्याने त्या ओळीत एमपीव्ही या व्हिडिओ दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला बोलावून खिडकीचा क्रमांक त्याच्या स्वाधीन करावा. आणि ज्याला थोडेफार पायथन येते तो आपले चित्र आपणच काढतो.

मराठी ओळी तरंगवू पाहणाऱ्याची गाठ इथे एका जुन्या खोडीशी पडते. एक्सएफटी नावाच्या लायब्ररीतून थेट काढलेली अक्षरे एकापुढे एक नुसती मांडली जातात. साठवताना 'कि'मधली वेलांटी 'क'च्या नंतर असते. एक्सएफटी ती तशीच मागे ठेवते आणि जोडाक्षरांचे पाय मोडून देते. तेच काम पँगो या लायब्ररीकडे दिले की आतले हार्फबझ अक्षरे जुळवते आणि 'किल्ला' किल्ल्यासारखा दिसतो. हे शोधायला लावणारा, एका संध्याकाळीत पुरा होणारा आणि चुकला तरी कोणाचे नुकसान न करणारा दुसरा प्रकल्प नवशिक्याला सुचवायचा झाला तर मला चटकन सुचत नाही. ग्नोमने काढून टाकली ती ही वाट.

रिकामपणचा उद्योग म्हणून हिणवणाऱ्यांनी १९९९ साल आठवावे. त्या मे महिन्यात बर्कली विद्यापीठाचा सेटी ॲट होम हा परग्रहावरच्या जीवांच्या शोधाचा प्रकल्प सुरू झाला आणि आरेसिबोच्या दुर्बिणीने टिपलेले रेडिओ संकेत जगभरच्या घरगुती संगणकांनी चाळले, तेही स्क्रीनसेव्हरच्या रूपात. नव्या कामाचे वाटप मार्च २०२० पर्यंत चालू होते. १९९९ मध्येच स्कॉट ड्रेव्ह्स यांच्या 'इलेक्ट्रिक शीप'ने हेच तंत्र चित्रकलेला लावले, आणि तेही मुक्तस्रोतात.

विजेचा आक्षेप तीन वाक्यांत संपतो. चित्र दहा मिनिटे आणि त्यानंतर मॉनिटर बंद, अशी वेळ एक्सस्क्रीनसेव्हरच्या सेटिंग्जमध्येच लावता येते, आणि मॉनिटर बंद असताना तो हॅक चालवत नाही. त्रिमितीचे काही हॅक लॅपटॉप तापवतात हे खरे. ते निवडू नयेत.

सुरक्षेचा आक्षेप मात्र वजनदार आहे. एक्स या जुन्या खिडकीव्यवस्थेत लॉक लावणारा प्रोग्रॅम हा इतरांसारखाच एक प्रोग्रॅम. तो कोसळला की कुलूपच गळून पडते आणि डेस्कटॉप उघडा. जानेवारी २०२१ मध्ये लिनक्स मिंटमध्ये हेच झाले. एका वापरकर्त्याच्या मुलांनी खरा कळफलक आणि पडद्यावरचा कळफलक एकदम बडवला आणि मिंटच्या सिनॅमन या डेस्कटॉपचा लॉक निखळला. शोध घेता पडद्यावरच्या कळफलकावर डोक्यावर आडवी रेघ असलेला रोमन 'ई' दाबला की हे घडते असे आढळले. आता पाहा, दोष कुठे होता? चित्रात नव्हता. देखणी खिडकी, तिची बटणे, तो कळफलक असा सारा संसार कुलपाच्याच पोटात भरला होता, आणि त्यातले एक भांडे फुटले.

झविन्स्की यांनी नेमका हा धोका कित्येक वर्षे आधी लिहून ठेवला होता. कुलूप सांभाळणारा भाग शक्य तितका लहान असावा आणि बाकी सारे त्याच्याबाहेर, हा त्यांचा आग्रह. म्हणूनच हॅक वेगळा चालतो आणि तो कोलमडला तरी कुलूप जागचे हलत नाही. २०२१ च्याच ६.०० आवृत्तीत त्यांनी पासवर्ड विचारणारा भागही मुख्य प्रोग्रॅमपासून तोडला. म्हणजे 'भलतेसलते चित्र चालवू द्या' ही अट ज्याने मनापासून पाळली त्याला कुलूप वेगळे ठेवणे भागच पडले; ज्यांनी चित्रे हाकलली त्यांना ती शिस्त पाळण्याची निकड उरली नाही. सुरक्षेचा मुद्दा काळ्या पडद्याच्या बाजूने देणाऱ्यांनी हा हिशेब एकदा तपासावा.

उरला वेलँड, एक्सच्या जागी येणारी नवी खिडकीव्यवस्था. तिथल्या लॉकच्या प्रोटोकॉलने एक गोष्ट निर्विवाद सुधारली: लॉकचा प्रोग्रॅम मेला तरी कंपोझिटर, म्हणजे खिडक्या पडद्यावर मांडणारा प्रोग्रॅम, पडदा बंदच ठेवतो. पण दुसऱ्याच्या खिडकीत क्रमांक घेऊन रंगकाम करण्याचा जुना करार तिथे चालत नाही, आणि त्यावरून 'वेलँडमुळे स्क्रीनसेव्हर आता अशक्य' असा निष्कर्ष काढला जातो. तोही घाईचा. स्वे या वेलँडच्या कंपोझिटरवर चालणाऱ्या स्वेआयडलला एवढेच सांगावे लागते की पाच मिनिटे हालचाल नसली तर अमुक प्रोग्रॅम पूर्ण पडद्यावर सुरू कर, हालचाल झाली की तो मार, आणि दहाव्या मिनिटाला लॉक लाव. कुलूप निराळे, चित्र निराळे. हे सगळे सेटिंग फाइलच्या तीन-चार ओळींत मावते, आणि ग्नोमलाही माणूस किती वेळ गप्प आहे हे आतून ठाऊक असतेच. ते वापरणाऱ्याला पडद्यावर काय दाखवायचे आहे, एवढेच त्याने विचारायचे सोडले आहे.