पांगलेल्यांना निरोप पोचवणारे



संत पेत्राचं पहिलं पत्र आपण मिस्सामध्ये अनेकदा ऐकतो, पण ते कोणाला लिहिलं आहे याकडे आपलं फारसं लक्ष जात नाही. ते एका गावासाठी नाही. पंत, गलतिया, कप्पदुकिया, आशिया आणि बिथुनिया या पाच प्रांतांत पांगलेल्या विश्वासणाऱ्यांसाठी ते आहे. 'पांगणे' यासाठी तिथे मूळ ग्रीकमध्ये 'डायस्पोरा' हा शब्द आहे. मायभूमीपासून दूर विखुरलेल्या समाजांना आज जगभर हेच नाव आहे. पत्राच्या शेवटी पेत्र सिल्वानाचं नाव घेतो. अनेक अभ्यासकांच्या मते तोच ते पत्र घेऊन गेला. पेत्राचा शब्द पोचला, कारण कोणीतरी पायपीट केली.

आपल्या शेजारचा गोवेकर समाजही असाच पांगला. पोटासाठी माणसं मुंबई, पुणे, कराचीला गेली. तिथून नैरोबी, कंपाला, दारेसलाम. 1972 साली इदी अमीनने आशियाई लोकांना युगांडा सोडायला 90 दिवस दिले, तेव्हा तिथली गोवेकर कुटुंबं पुन्हा उठून कॅनडा-इंग्लंडला गेली. पुढे आखाती देशांची वाट सुरू झाली.

या प्रत्येक टप्प्यावर लोकांनी एकमेकांना धरून ठेवण्याची सोय केली. मुंबईत धोबीतलाव, माझगाव भागात गावागावाच्या नावाने 'कूड' उभी राहिली. बोटीवरून उतरलेला खलाशी तिथे आपली ट्रंक ठेवी आणि पुढच्या नोकरीची वाट पाही. संध्याकाळी सगळे मिळून तेर्स म्हणत, आणि गावच्या संताचं फेस्तही तिथे साजरं होई. 1889 साली एदुआर्द जुझे ब्रुनो द सौझा यांनी 'उदेंतेचें साळक' हे पहिलं कोकणी नियतकालिक काढलं, तेही गोव्यात नव्हे, पुण्यात! दूर गेलेल्यांनाच भाषेची भूक आधी लागली.

याच परंपरेतलं पुढचं पाऊल 1994 साली पडलं. अमेरिकेत बॉस्टनमध्ये शिकणाऱ्या हर्मन कार्नेरो या किशोरवयीन मुलाने 'गोवानेट' सुरू केलं. रचना अगदी साधी होती. एका पत्त्यावर ई-मेल पाठवायचा, आणि यादीतल्या प्रत्येकाला त्याची प्रत मिळायची. चित्रं नाहीत, आवाज नाही, नुसता मजकूर. पण टोरांटोचा, कुवेतचा आणि लिस्बनचा गोवेकर एकाच वेळी एकच पत्र वाचू लागला. कोणी गावची बातमी विचारी, कोणी जुना शेजारी शोधी, कोणी कुणाच्या निधनाची वार्ता कळवी.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट 15 ऑगस्ट 1995 रोजी सुरू झालं, तेही आधी मोजक्या महानगरांत. म्हणजे गोव्याबद्दल बोलणारी ही सभा आधी गोव्याबाहेरच भरत होती. गावातून खबर देणारं माणूस हवं होतं. पुढे सालिगावचे पत्रकार फ्रेडरिक नोरोन्या यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं ते काम केलं. यादी सांभाळणारेही स्वयंसेवकच होते.

तिथे भांडणं झाली नाहीत असं नाही. कोकणीची लिपी, जात, धर्म, राजकारण यांवर कडाक्याचे वाद झाले. समोरासमोर जे बोलवत नाही ते पडद्याआडून सहज लिहिलं जातं. तरीही सभा मोडली नाही, कारण कोणीतरी रोज बसून टपाल चाळत होतं आणि मर्यादा सांगत होतं. करिंथच्या मंडळीतली भांडणं मिटवायला पौलालाही पत्रांमागून पत्रं लिहावी लागली होती.

आणखी एक गोष्ट आपल्या मराठी मंडळीने लक्षात घ्यावी. त्या काळच्या ई-मेलमधून देवनागरी नीट जात नसे. रोमी लिपीतली कोकणी चालली, इंग्रजी तर सर्रास चालली. पण मराठी वाचणारा गोवेकर कडेलाच राहिला. हे आपल्याला नवं नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचं मराठी 'ख्रिस्तपुराण' 1616 साली राशोलला छापलं गेलं तेव्हा देवनागरीचे खिळे नव्हते, म्हणून ते रोमी अक्षरांत निघालं. त्यांनी साधन नाही म्हणून शब्द अडवून ठेवला नाही. पण साधन नवं आलं की कोणाची तरी भाषा बाहेर राहते, हेही तितकंच खरं. ज्या म्हाताऱ्या आईच्या खुशालीसाठी मुलगा परदेशातून लिहीत होता, तिच्याकडे ना संगणक होता ना इंग्रजी. तिच्यापर्यंत निरोप तेव्हाच पोचे, जेव्हा कोणी शेजारी तो तिला वाचून दाखवी.

आज आपल्या धर्मग्रामातली मुलंही दुबई, दोहा, टोरांटोला आहेत. मोबाइलवर आपला गट आहे, मिस्साची वेळ आणि मयताची खबर क्षणात कळते. पण गटात नाव नसलेली माणसं कोण? एकटं राहणारे आजोबा, फोन नसलेली विधवा, फक्त मराठी वाचणारी आजी. त्यांच्या दारात आठवड्यातून एकदा जाऊन निरोप वाचून दाखवायला फार वेळ लागत नाही. सिल्वान पाच प्रांत फिरला. आपल्याला दोन गल्ल्या जायच्या आहेत.

हे प्रभू, पांगलेल्यांना तू नावानिशी ओळखतोस. तुझा निरोप शेवटच्या दारापर्यंत नेणारे पाय आम्हाला दे. आमेन.