मोरस बेटाची वाट

माझ्या लहानपणीं आमची आजी गुळाला गूळच म्हणे, पण पांढऱ्या दाणेदार साखरेला ती 'मोरस' म्हणत असे. हा शब्द मॉरिशस बेटाच्या नांवावरून आला आहे, हें मला शिक्षकाची नोकरी लागल्यावर कळलें. त्याच सुमारास घरची वंशावळ मीं नव्या कागदावर उतरून काढिली. तींत माझ्या पणजोबांच्या थोरल्या भावाच्या नांवाखालीं एकहि रेघ ओढलेली नाहीं. केवळ 'समुद्रापार' एवढा शब्द लिहिलेला आहे. वडिलांना विचारलें, तेव्हां ते म्हणाले, "ते मोरसला गेले, आले नाहींत." ह्याउपर त्यांनाहि कांहीं ठाऊक नव्हतें.

आतां मी सेवानिवृत्त आहें. साठविलेल्या पैशांतून एकच दूरचा प्रवास घडेल, असा आमच्या सौभाग्यवतींचा हिशेब आहे, व त्यांचा हिशेब सहसा चुकत नाहीं. म्हणून तो प्रवास मोरसचाच करावा, असें आम्हीं ठरविलें. एका प्रवासी कंपनीनें आम्हांस छापील कार्यक्रम पाठविला. त्यांत सहा दिवसांपैकीं पांच दिवस समुद्रकांठीं पडून राहण्याचे होते! ज्यांचें बालपण कोंकणच्या वाळूंत गेलें, त्यांनीं वाळू पाहण्यासाठीं विमानांत सहा तास बसावयाचें, हें आम्हांस पटलें नाहीं. मीं नकाशा व पेन्सिल घेतली आणि आपणच बेत आंखावयास बसलों.

बेट लहान आहे. त्याचें क्षेत्रफळ सुमारें १८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आजच्या रत्नागिरी जिल्ह्याच्या चौथ्या हिश्शाहूनहि कमी. तें विषुववृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळें तेथील ऋतु आपल्या उलट असतात. जानेवारी ते मार्च हा वादळांचा काळ. जून ते सप्टेंबर हा थंड व बराच कोरडा. सुटींत जाऊं पाहणाऱ्यानें एवढें तरी आधीं पाहावें.

ह्या बेटावर मूळची मनुष्यवस्ती नव्हती. डच लोक १५९८ सालीं तेथें उतरले आणि आपल्या मॉरिस नांवाच्या राजपुत्राचें नांव त्यांनीं बेटास दिलें. उडतां न येणारा डोडो पक्षी तेथें निर्धास्त राहत होता. माणसें आलीं, त्यांच्यामागून डुकरें व उंदीर आले, आणि शतक संपण्याच्या आंत डोडो नामशेष झाला. ऊंसहि डचांनींच आणिला. ते १७१० सालीं निघून गेले; १७१५ मध्यें फ्रेंच आले व १८१० मध्यें इंग्रजांनीं बेट जिंकलें. फ्रेंचांच्या राजवटींत आफ्रिका व मादागास्कर येथून आणिलेल्या गुलामांच्या घामावर ऊंस वाढला. १८३५ सालीं तेथील गुलामगिरी कायद्यानें बंद झाली, परंतु मळेवाल्यांना हात तर हवेच होते. ते त्यांनीं हिंदुस्थानांत शोधले.

२ नोव्हेंबर १८३४ रोजीं 'ॲटलास' नांवाचें जहाज कलकत्त्याहून पोर्ट लुई बंदरांत आलें. त्यांत करारानें बांधलेले डोंगरी मुलखांतील मजूर होते. त्यानंतर १९२० पर्यंत सुमारें पांच लक्ष माणसें कलकत्ता, मद्रास व मुंबई ह्या बंदरांतून तेथें गेलीं. आरंभींच्या करारांत पुरुषाची मजुरी महिना पांच रुपये, वर शिधा, आणि मुदत पांच वर्षांची, असा ठराव असे. गुलामगिरी संपली असें आपण मुलांना शिकवितों. पण गैरहजेरीच्या एका दिवसाबद्दल दोन दिवसांची मजुरी कापणारा नियम त्याच मळ्यांवर पुढें चालला, हेंहि शिकवावयास हवें होतें. मीं तें शिकविलें नाहीं, कारण पुस्तकांत नव्हतें.

ज्या जागीं हे लोक उतरत, तिला आज आप्रवासी घाट म्हणतात. तेथील इमारतींचा कांहीं भागच आतां उरला आहे. जागा अवघी १६४० चौरस मीटर आहे. २००६ सालीं युनेस्कोनें तिला जागतिक वारशांत स्थान दिलें. बोटीवरून उतरलेला माणूस दगडी पायऱ्या चढून वर येई, आणि येथें त्याची नोंद होई: नांव, बापाचें नांव, जात, गांव, उंची, अंगावरील खूण, आणि एक क्रमांक. पुढें पुढें छायाचित्रहि काढीत. हीं जुनीं दप्तरें मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत जतन करून ठेविलेलीं आहेत. आमच्या प्रवासाचा खरा मुक्काम तोच आहे.

पण केवळ दप्तरें चाळून दिवस काढणें सौभाग्यवतींना मान्य नाहीं. त्यांनीं एक पूर्ण दिवस आग्नेय किनाऱ्याजवळच्या इल ओ एग्रेत ह्या प्रवाळाच्या बेटासाठीं राखून ठेविला आहे. तें अवघें २६ हेक्टरांचें आहे. तेथील बाहेरून आलेलें रान उपटून मूळचीं झाडें पुन्हां लाविलीं आहेत. त्यांत काळा आबनूस आहे. तेथें गुलाबी कबूतर दिसतें. १९९० च्या सुमारास रानांत हीं कबूतरें दहाच्या आसपास उरलीं होतीं. तेथील ससाण्याच्या जातीच्या एका पक्ष्याची तर १९७४ मध्यें चारच पांखरें ठाऊक होतीं. माणसांनीं घरटीं राखून, पिलें वाढवून त्यांचा वंश पुढें चालविला. डोडोच्या बेटावर हें घडलें, हें विशेष. पाँप्लमूसची बाग, गंगातलाव आणि पळून गेलेल्या गुलामांना आश्रय देणारा ल मॉर्नचा डोंगर ह्यांना मिळून मीं दोन दिवस दिले आहेत. पाय दुखले तर त्यांतून एखादें वगळतां येईल.

राहिला प्रश्न महिन्याचा. कोंकणांतून गेलेल्यांचे वंशज आजहि तेथें गणेशचतुर्थी साजरी करितात, आणि त्या सणाची तेथें सरकारी सुटी असते. ते झाकरी नाचतात. ही आपल्या जाखडीचीच बहीण. तें पाहावयाचें तर भाद्रपदांतच जावें लागेल, आणि हवाहि तेव्हां उत्तम असते. पण मग गांवच्या घरचा गणपति कोण बसविणार? ह्यावर आमच्या घरांत पंधरा दिवस बोलणें चाललें होतें. शेवटीं धाकट्या बंधूंना पत्र लिहिलें. त्यांचें उत्तर आलें: "पूजा मी करीन. तूं त्यांचें नांव शोध."

मोक्यालाहि चौकशीचें पत्र टाकिलें आहे. माझ्याजवळ त्यांचें नांव आहे, वडिलांचें नांव आहे, गांव आहे. क्रमांक नाहीं आणि साल नाहीं. परक्या कारकुनानें आमच्या गांवाचें नांव कसें ऐकलें व कसें लिहिलें असेल, ह्याचे अकरा पर्याय मीं वहींत लिहून ठेविले आहेत. काल सौभाग्यवतींनीं बारावा सुचविला.